आडीची सवलत

मरुदाचलम दुपारची वेळ घड्याळावर बघत नसे, कानानं ओळखे. तीन वाजता वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातला ग्राइंडर सुरू व्हायचा आणि त्याची घरघर अंगण ओलांडून स्टोअरच्या खिडकीत यायची. वीस मिनिटं घरघर, मग शांतता, मग पुन्हा घरघर. रोजचे चार घाणे. तीन तांदळाचे, एक उडदाचा. दोनशे दहा मुलींच्या सकाळच्या इडलीचं पीठ.

शांततेत काय चालतं तेही त्याला पाठ होतं. यंत्र बंद करायचं. साखळी सोडायची. वरवंटा उचलून परातीत ठेवायचा, पीठ हातानं उपसायचं, उखळ धुवायची आणि वरवंटा पुन्हा जागेवर बसवायचा. वरवंटा बावीस किलोंचा. एका घाण्याला दोनदा उचलायचा, म्हणजे दिवसाला आठदा. मार्च महिन्यात ही शांतता सहा मिनिटांची असे. जूनमध्ये ती नऊ मिनिटांवर गेली. पीठ तेवढंच, उखळ तीच, मग तीन मिनिटं वाढली कुठे? ती ग्राइंडर चालवणाऱ्या रामात्ताळच्या उजव्या खांद्यात वाढली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मरुदाचलमला न सांगता कळलं.

पोल्लाचीच्या या मुलींच्या कॉलेजात तो एकतीस वर्षं स्टोअर सांभाळत होता. त्याआधी याच ट्रस्टच्या सूतगिरणीत होता. तिथं उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली, म्हणून मशीनवरून गोदामात आणि गिरणी बंद पडल्यावर गोदामातून इथं. तीन बहिणींची लग्नं त्यानं केली. तिसरीचं उरकलं तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता, आणि स्वतःचं राहून गेलं हे त्या मांडवात पंगत वाढताना त्याच्या ध्यानात आलं. वाल्पारै रस्त्याला एक खोली होती. तिथं झोपायचं, बाकी सगळं इथं. डिसेंबरात साठ पूर्ण होऊन तो निवृत्त होणार होता.

पूर्वी खिडकीबाहेरच्या बाकावर माणसं बसायची. ज्याला जे हवं त्याची चिठ्ठी घेऊन यायचं. माळी, शिपाई, प्रयोगशाळेतल्या बाई, सगळे यायचे. चिठ्ठी मिनिटाची, बसणं अर्ध्या तासाचं. चार वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर आलं. आता ज्यानं त्यानं आपल्या जागेवरून मागणी टाकायची, ती मरुदाचलमच्या पडद्यावर उमटायची. बाक तसाच राहिला. मागणी बजेटात बसत नसली की नकार मशीनच देई, पण लोक म्हणत, मरुदाचलमनं नाही म्हटलं. त्यामुळे जे भेटत तेही जरा बाजूनं जात.

चिठ्ठी घेऊन येणारी रामात्ताळ एकटी उरली होती. तिला कॉम्प्युटर येत नव्हता आणि जुना ग्राइंडर आठवड्यातून दोनदा तरी काहीतरी मागायचा. कधी पट्टा, कधी फ्यूज, कधी ग्रीस. ती बाकावर बसायची, पदरानं मान पुसायची आणि म्हणायची, "अण्णा, तुमच्या जावईबापूंना आज पुन्हा पट्टा हवाय." जावई म्हणजे ग्राइंडर. रुसतो, फुगतो, मानपान मागतो, काम मात्र तिलाच करायला लावतो. मरुदाचलम पट्टा द्यायचा, सही घ्यायचा. ती दहा मिनिटं बसायची. तेवढंच त्याचं दिवसभराचं बोलणं.

नव्या ग्राइंडरची मागणी त्यानंच घातली. कलता ग्राइंडर, ज्याची उखळ दांडा ओढला की आडवी होते आणि पीठ आपोआप पातेल्यात उतरतं. वरवंटा उचलायचा नाही. बाजारातल्या नाच्चिमुत्तूच्या दुकानात बेचाळीस हजारांना होता. ग्राइंडरवर तेव्हा पाच टक्के कर होता, म्हणजे चव्वेचाळीस हजार शंभर. स्वयंपाकघराच्या यंत्रांसाठी वर्षाचं बजेट पंचेचाळीस हजार. चौदा जूनला त्यानं ऑर्डर नोंदवली आणि तपासणीची कळ दाबली. सॉफ्टवेअरनं बजेटमध्ये डोकावून पाहिलं, चव्वेचाळीस हजार शंभर बाजूला अडवून ठेवले आणि ऑर्डरपुढे हिरवा ठिपका दिला. नाच्चिमुत्तूला फोन करायचा आणि गाडी बोलवायची एवढंच उरलं होतं.

फोन त्यानं केला. नाच्चिमुत्तू म्हणाला, आत्ता कशाला घाई करता, महिन्यात आडी लागेल. आडी महिन्यात लोक नवं काही सुरू करत नाहीत, म्हणून दुकानदार सवलती देतात आणि सगळं गाव थांबून थांबून तेव्हाच खरेदी करतं. ग्राइंडरवर आठ टक्के सुटणार होते.

मरुदाचलमनं पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. आठ टक्के सुटले तर किंमत अडतीस हजार सहाशे चाळीस. पाच टक्के धरून चाळीस हजार पाचशे बहात्तर. शिल्लक चार हजार चारशे अठ्ठावीस. नाच्चिमुत्तूकडेच चार चाकांची एक लोखंडी ढकलगाडी होती, करासकट चार हजार दोनशे रुपये ऐंशी पैसे. पिठाचं भरलेलं पातेलं ग्राइंडरपासून कोठीपर्यंत रामात्ताळ कमरेवर घेऊन जायची. बावीस पावलं. त्यानं एकदा मोजली होती. वरवंटा सुटला तरी पातेलं राहणारच होतं. आडीपर्यंत थांबलं तर पातेलंही सुटत होतं.

म्हणून तो थांबला. रामात्ताळला म्हणाला, ग्राइंडर मंजूर झालाय, महिनाभर दम धरा. ती म्हणाली, मी धरीन, दगडाला विचारून बघा. ढकलगाडीचं त्यानं सांगितलं नाही. आल्यावर दिसेलच, असा विचार केला.

आडीचा पहिला दिवस रविवार होता. सोमवारी सकाळी त्यानं ऑर्डर उघडली, किंमत सवलतीची केली, खाली ढकलगाडीची ओळ घातली आणि तपासणीची कळ दाबली. ठिपका लाल झाला. ढकलगाडीचा काही घोळ असेल म्हणून त्यानं ती ओळ काढली. पुन्हा लाल. मग ठिपक्याखालची पाटी वाचली. बजेटपेक्षा पाचशे पंच्याण्णव रुपये वीस पैसे जास्त. आठ टक्के कमी करूनसुद्धा जास्त.

त्यानं ट्रस्टच्या कोइम्बतूरमधल्या मुख्य कचेरीत फोन लावला. तिथं हिशेब बघणारी कयल्विळी पंचविशीतली होती, पण कधी घाईनं बोलत नसे. तिनं समजावलं. आजपासून दगडी ग्राइंडरवरचा कर पाचचा अठरा टक्के झाला होता. नवे दर तिनं रविवारीच सॉफ्टवेअरमध्ये भरले होते. ज्या ऑर्डरींचा माल अजून आत आलेला नाही त्यांचे जुने हिरवे ठिपके पुसले गेले आणि तपासणी नव्या दरानं परत करायची होती. किमतीला हात लावला नसता तरी ठिपका गेलाच असता.

"गुरुवारी सगळ्यांना पत्र पाठवलं होतं, अय्या," ती म्हणाली. "तुम्हाला मिळालं नाही का?"

"मिळालं," मरुदाचलम म्हणाला. "वाचलं पण."

वाचलं होतं हे खरं होतं. पण त्याची सवय गिरणीची. गिरणीनं मालावर कर भरला तरी तो पुढे वळता होऊन परत मिळायचा, म्हणून गोदामवाल्यानं कराकडे बघायचं नाही, दुकानदाराकडून दर पाडून घ्यायचा, हे तो तरुणपणी शिकला होता. कॉलेजला एक पैसा परत मिळत नाही. इथं कर हा किमतीचाच भाग, आणि सॉफ्टवेअर तो बजेटात धरतं. एकतीस वर्षं हे त्याला माहीत होतं. पण माहीत असणं आणि सवय बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं त्यानं कधी केलंच नव्हतं.

वरचे पाचशे पंच्याण्णव मी माझ्या खिशातून भरतो, असं तो म्हणाला. कयल्विळीनं खातं उघडून पाहिलं. मग म्हणाली की तपासणी खर्च किती ते बघते, पैसे कुणी दिले ते बघत नाही. दुसऱ्या एखाद्या खात्यातून तेवढी रक्कम इकडे वळवता येईल, पण त्याला ट्रस्टच्या सेक्रेटरींची सही लागते. त्यांची बैठक पाच ऑगस्टला. सोबत टिपण जोडायचं: जूनमध्ये मंजूर झालेली खरेदी जुलैपर्यंत का झाली नाही?

दुपारी तो नाच्चिमुत्तूच्या दुकानात गेला. आडीची गर्दी होती, सवलतीचे फलक लावले होते, ध्वनिवर्धक चालू होता. मूळ किमतीत आणखी पाचशे पाच रुपये सोडा म्हणजे करासकट बसतं, असं त्यानं सांगितलं. नाच्चिमुत्तू म्हणाला, आठ टक्के कारखान्यानं सोडलेत, माझ्या पदरात आडीत फक्त घाम पडतो. मग त्यानं आवाज खाली आणला. शुक्रवारच्या तारखेचं बिल फाडतो, पाच टक्क्यांचं. माल उद्या पाठवतो.

"शुक्रवारी माझ्या दारात काय आलं होतं?" मरुदाचलमनं विचारलं.

"काही नाही."

"मग मी शुक्रवारी कशाची आवक लिहू?"

नाच्चिमुत्तू हसला. "अण्णा, तुमच्यासारख्यांमुळेच सरकारला झोप लागते," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

परत येईपर्यंत तीन वाजून गेले होते. पहिला घाणा संपला, शांतता सुरू झाली. तो खुर्चीत बसून होता. त्या खुर्चीची पाठ मोडलेली, काथ्यानं बांधलेली होती. नऊ मिनिटं झाली. अकरा झाली. चौदाव्या मिनिटाला त्यानं स्टोअरला कुलूप लावलं आणि अंगण ओलांडलं.

रामात्ताळ ग्राइंडरपाशी जमिनीवर बसली होती. वरवंटा परातीत, परात मांडीला टेकलेली. बाकीच्या दोघी लांब चुलीपाशी होत्या. त्या दोघी हाडानं किरकोळ, त्यांना वरवंटा हलतही नसे.

"जरा बसले," ती म्हणाली. "जावईबापू कुठं पळून जात नाहीत."

त्यानं तिला उभ्यानंच सगळं सांगितलं. जूनमध्ये आणता आला असता. सवलतीसाठी थांबलो. कर वाढला. आता बैठक होईपर्यंत नाही. तिनं ऐकून घेतलं.

"किती वाचवायला गेलात?"

"तीन हजार तीनशे साठ."

"आणि आता जाणार किती?"

"जूनमध्ये चव्वेचाळीस हजार शंभर पडले असते. आता पंचेचाळीस हजार पाचशे पंच्याण्णव."

"माझी सासू अशीच होती," रामात्ताळ म्हणाली. "तेल स्वस्त मिळतं म्हणून चार मैल चालत जायची आणि चप्पल झिजवून यायची. मेली तेव्हा घरात तेलाचे सात डबे निघाले. चप्पल नव्हती."

ढकलगाडीचं सांगायची ही वेळ होती. सांगितलं असतं तर ते सबबीसारखं वाटलं असतं. त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि वरवंट्याला हात घातला. दगड ओला होता. बोटांची पेरं नसलेल्या हातातून निसटला आणि परातीत आपटला.

"असा नाही. तुम्ही चोरासारखा उचलताय," ती म्हणाली. "गुडघे वाकवा. एक हात खालून. छातीशी धरा, तान्हं मूल धरतात तसं."

"मला मुलाची सवय नाही, अम्मिणी."

"मग दगडापासून सुरुवात करा."

तिसऱ्या खेपेला वरवंटा जागेवर बसला. त्या दिवशी त्यानं तो आणखी सहादा उचलला. संध्याकाळी खोलीवर शर्ट काढताना हात वर जाईना.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोक्यानं त्यानं टिपण लिहिलं. चार ओळी. 'ग्राइंडरची खरेदी १४ जूनला मंजूर होती. आडीच्या सवलतीसाठी मी ती थांबवली. करबदलाचं पत्र मिळूनही मी काही केलं नाही. चूक माझी आहे.' पैसे वळवायला त्यानं स्टोअरच्याच फर्निचरचं खातं दिलं. त्यात नव्या खुर्चीसाठी तीन हजार होते. सहाशे काढले की चोवीसशे उरत होते आणि खुर्ची अठ्ठावीसशे बत्तीसची होती. म्हणजे तिलाही लाल ठिपका. कयल्विळीनं फोन करून विचारलं की अय्या, खुर्ची जाईल, चालेल का? तो म्हणाला, पाच महिन्यांपुरता काथ्या आहे.

मग रोज तीन वाजून वीस मिनिटांनी तो स्टोअर बंद करून स्वयंपाकघरात जाऊ लागला. दाराला पाटी लावायचा: 'पाच वाजता येतो.' एकतीस वर्षांत त्यानं अशी पाटी लावली नव्हती. लावल्यावर कळलं की त्या वेळात कुणी येतच नाही.

दिवसाला आठदा. पहिल्या आठवड्यात कंबर धरली. दुसऱ्या आठवड्यात दगडाचा तोल हाताला कळला. जड बाजू खाली ठेवायची, श्वास उचलायच्या आधी घ्यायचा, मध्ये बोलायचं नाही. घाणा फिरत असताना मात्र वीस मिनिटं मोकळी असत. रामात्ताळ पिठात बोट बुडवून बघायची, पाण्याची धार सोडायची आणि बोलत राहायची. तिची मुलगी धारापुरमला दिलेली, जावई खरा, पण यंत्रापेक्षा बरा नाही. नवरा ट्रकवर होता, तो एकदा केरळात गेला आणि फोन करायचं विसरला, त्याला बावीस वर्षं झाली. हे ती पिठाकडे बघत सांगायची, जसं मीठ किती घातलं ते सांगावं तसं. मरुदाचलम बहुतेक ऐकायचा. एकदा त्यानं गिरणीतल्या पहाटेच्या भोंग्याचं सांगितलं. अजूनही साडेचारला जाग येते आणि मग साडेसातपर्यंत काय करावं कळत नाही, असं म्हणाला. ती म्हणाली, इकडे या, भाजी चिरायला माणूस कमी आहे. तो हसला. गेला मात्र नाही. चिरायला जावं असं कारण कुठल्या कागदावर नव्हतं.

शांतता आता पाच मिनिटांवर आली होती. पण ती मोजायला स्टोअरमध्ये कुणी नव्हतं.

पाच ऑगस्टला बैठक झाली. रक्कम वळवायला मंजुरी मिळाली आणि टिपणाच्या कडेला सेक्रेटरींनी लाल शाईनं लिहिलं: 'स्टोअरकीपरनी यापुढे दक्षता घ्यावी.' त्याच्या कागदपत्रांतला पहिला शेरा. त्यानं तो दोनदा वाचला, टिपणाची प्रत फाइलला लावली आणि ऑर्डर उघडून तपासणीची कळ दाबली. हिरवा.

दहा तारखेला ग्राइंडर आला. रामात्ताळनं खोक्याला हात लावून बघितलं आणि म्हणाली, आडीत नवा दगड फिरवायचा नाही. सोळा तारखेला आडी संपते, सतराला सुरू करू. वॉर्डननं डोक्याला हात लावला. मरुदाचलमनं मात्र काही हुज्जत घातली नाही, खोकं स्टोअरमध्ये ठेवून घेतलं. तो आठवडाभर दोघांनी मिळून जुना दगड उचलला. आता घाई नव्हती.

सतराला खोकं उघडलं. पहिले दोन दिवस जाडा तांदूळ दळून फेकला, नव्या दगडाची कच जावी म्हणून. तिसऱ्या दिवशी खरा घाणा लावला. वीस मिनिटांनी रामात्ताळनं दांडा धरला, डाव्या हातानं, आणि ओढला. उखळ आडवी झाली. पीठ पातेल्यात उतरलं.

"बघा," ती म्हणाली. "जावई गेला, सून आली."

मरुदाचलम बाह्या वर करून उभा होता. त्यानं त्या खाली केल्या. पातेलं कोठीपर्यंत उचलून नेलं, बावीस पावलं. ती म्हणाली, राहू द्या अण्णा, आता एवढं जमतं मला, तुमचं स्टोअर बंद पडलंय. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. त्याच्या दोन तासांची तिला किंमत होती म्हणून ती म्हणाली.

नवा ग्राइंडर घरघरत नाही. अंगणाच्या अलीकडे त्याचा आवाज पोचत नाही. पट्टा तुटत नाही, फ्यूज जात नाही. तांदूळ-डाळीची मागणी वॉर्डन कॉम्प्युटरवर टाकते. सप्टेंबरात रामात्ताळ एकदाच खिडकीशी आली, दांड्याला ग्रीस हवं होतं. दहा मिनिटं बसली. खांदा कसा आहे असं त्यानं विचारलं, बरा आहे म्हणाली. झिजलेले दगड टाकी लावून पुन्हा खरबरीत कधी करावे लागतील, हे त्यानं विचारलं. सहा महिन्यांनी, फेब्रुवारीत, असं तिनं सांगितलं. तेव्हा चिठ्ठी घेऊन येईन, म्हणाली. तो फेब्रुवारीत नसणार हे तिच्या लक्षात नव्हतं, आणि त्यानंही तो विषय काढला नाही.

नोव्हेंबरात पुढच्या वर्षाची बजेटं मागवली. स्वयंपाकघराच्या खात्यात त्यानं दोन ओळी घातल्या. दगडांना टाकी लावणे. आणि चार चाकांची ढकलगाडी, एक. तिची मूळ किंमत तीन हजार पाचशे साठ. कराच्या रकान्यात अठरा लिहायला हवे होते. त्यानं सगळ्यात वरचा दर धरला, अठ्ठावीस. चार हजार पाचशे छप्पन रुपये ऐंशी पैसे. कयल्विळीचा फोन आलाच. अय्या, ढकलगाडीला अठ्ठावीस नाही लागत.

"आज नाही लागत," मरुदाचलम म्हणाला. "तुम्ही राहू द्या."

तिनं राहू दिलं.

फोन ठेवला तेव्हा तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती. हे त्यानं घड्याळात बघितलं, आता दुसरा उपाय नव्हता. पाय सवयीनं उठले. कुलूप हातात घेऊन तो दारापर्यंत गेला, मग बाहेरच्या बाकावर बसला. समोर त्याचीच खिडकी होती, आत काथ्यानं बांधलेली खुर्ची. अंगणापलीकडे कान लावून त्यानं वाट पाहिली. पहिला घाणा संपत आला असेल. तिनं दांडा ओढला असेल. आता पातेलं कमरेवर घेतलं असेल. बावीस पावलं त्यानं मनात मोजली आणि तेविसाव्याला उठून आत गेला.